कुणीतरी सांगितले म्हणून...

राजकीय चित्रपटांना बँडबाजा नसतो. ते आपल्यापर्यंत येतात ते एका रसिकाने दुसऱ्याला सांगितल्यामुळे. सांगणाऱ्यांच्या या साखळीने जगभर काय काय वाचवले, त्याची ही कहाणी.

चित्रपट पाहण्याची आपल्याकडची रीत ठरलेली आहे. भिंतीवर पोस्टर लागते, गाणी कानावर पडू लागतात, शुक्रवारी खेळ सुरू होतो आणि सोमवारपर्यंत तो 'चालला' की 'पडला' हे नाक्यावरच्या पानवाल्यालाही ठाऊक झालेले असते. पण चित्रपटांची एक जात अशी आहे, की तिच्या वाट्याला यातले काहीच येत नाही. 'बॅटलशिप पोटेमकिन', 'द बॅटल ऑफ अल्जिअर्स', 'झेड', 'द बॅटल ऑफ चिली' ही नावे ज्यांच्या परिचयाची आहेत त्यांनी जरा आठवून पाहावे, ती आपण पहिल्यांदा कुठे ऐकली? बहुतेकांचे उत्तर 'कुणीतरी सांगितले' असेच येईल. हा 'कुणीतरी' कधी कॉलेजातला वरच्या वर्गातला मित्र असतो, कधी युनियनचा कार्यकर्ता, तर कधी फिल्म सोसायटीच्या खेळाला शेजारच्या खुर्चीवर बसलेला अनोळखी गृहस्थ.

राजकीय चित्रपट म्हणजे पांढऱ्या टोप्या आणि लाल दिव्याच्या गाड्या एवढेच नव्हे, हे सुरुवातीलाच सांगायला हवे. सत्ता कशी मिळते, कशी टिकवली जाते, ती कुणाच्या पाठीवर उभी असते आणि ती पाठ एखाद्या दिवशी ताठ झाली तर काय होते, हे दाखवणारा चित्रपट तो राजकीय चित्रपट. असा चित्रपट सत्तेला आवडत नाही, म्हणून त्याच्यावर बंदी येते. धंद्याला परवडत नाही, म्हणून त्याला थिएटर मिळत नाही. मग उरतो एकच मार्ग. ज्याने पाहिला त्याने दुसऱ्याला सांगायचे. या चित्रपटांचा इतिहास आपण दिग्दर्शकांच्या नावाने लिहितो आणि ते योग्यच आहे. पण वितरकाने जे काम करायचे ते इथे वर्षानुवर्षे रसिकांनी केले, आणि त्यांनी ते केले नसते तर यातले काही चित्रपट आज आपल्याला माहीतही नसते.

एमजीएममधली चिठ्ठी

'पोटेमकिन'चेच पाहा. सर्गेई आयझेनस्टाइनने तो 1925 मध्ये केला तेव्हा तो अवघा 27 वर्षांचा होता. 1905 साली रशियन युद्धनौकेवर झालेले नाविकांचे बंड हा त्याचा विषय. बंडाला निमित्त होते किडे पडलेल्या मांसाचे. ओडेसाच्या पायऱ्यांवरून उतरत येणाऱ्या सैनिकांच्या रांगा आणि घरंगळत जाणारी बाबागाडी हा प्रसंग पुढे जगभरच्या चित्रपटांनी पुन्हा पुन्हा उचलला. पण चित्रपटाचा खरा बोलबाला झाला तो 1926 मध्ये बर्लिनमध्ये लागल्यावर. तिथून तो तोंडोतोंडी पसरला आणि पसरत पसरत थेट हॉलिवूडमध्ये जाऊन पोचला.

तिथे एमजीएम कंपनीत डेव्हिड सेल्झनिक नावाचा 24 वर्षांचा तरुण नुकताच नोकरीला लागला होता. 1926 च्या ऑक्टोबरात त्याने आपल्या वरिष्ठांना एक चिठ्ठी लिहिली. 'पोटेमकिन' आपण खासगी खेळात पाहिला आहे, आजवर निघालेल्या थोर चित्रपटांपैकी हा एक आहे, आणि चित्रकार जसे जुन्या उस्तादांची चित्रे समोर ठेवून शिकतात तसा आपल्या कंपनीतल्या लोकांनी तो पाहून अभ्यासावा, असा त्या चिठ्ठीचा आशय. हाच सेल्झनिक पुढे 'गॉन विथ द विंड'चा निर्माता झाला. रशियन क्रांतीचे गुणगान करणारा चित्रपट भांडवलशाही करमणुकीच्या राजधानीत शिरला तो एका नोकरदाराच्या शिफारशीवर. त्याला क्रांतीशी काही देणेघेणे नव्हते. चित्रपट चांगला आहे, तो दुसऱ्याने पाहिलाच पाहिजे, एवढीच त्याची तळमळ होती. शिफारस करणाऱ्याचे आणि चित्रपटाचे मत जुळलेच पाहिजे असे नाही, हे या साखळीच्या आरंभीच दिसते.

इंग्लंडमध्ये 'पोटेमकिन'ला सार्वजनिक प्रदर्शनाची परवानगी 1954 पर्यंत मिळाली नाही. तरीही तो लंडनमध्ये 1929 च्या नोव्हेंबरात दाखवला गेला, कारण 1925 मध्ये स्थापन झालेल्या 'फिल्म सोसायटी'ने तो सभासदांसाठी आणला. जे तिकीट काढून जनतेला दाखवता येत नाही ते वर्गणी भरलेल्या सभासदांनी आपापसांत पाहायचे, ही युक्ती तिथली. त्याच खेळात जॉन ग्रिअर्सनचा 'ड्रिफ्टर्स' हा माहितीपटही दाखवला गेला आणि ब्रिटिश माहितीपटाची परंपरा तिथून सुरू झाली असे मानतात.

हीच युक्ती पुढे आपल्याकडे आली. देश स्वतंत्र झाल्यावर दोन महिन्यांच्या आत, 1947 च्या ऑक्टोबरात, सत्यजित राय, चिदानंद दासगुप्ता आणि त्यांच्या मित्रांनी कलकत्ता फिल्म सोसायटी सुरू केली. तिने पहिल्यांदा दाखवला तो चित्रपट म्हणजे 'बॅटलशिप पोटेमकिन'. त्या वेळी राय एका जाहिरात कंपनीत नोकरी करत होते आणि 'पथेर पांचाली' यायला अजून आठ वर्षे होती. आपल्या देशातली चित्रपट रसिकांची चळवळ एका बंडाच्या चित्रपटाने सुरू व्हावी, हा योगायोग सुखावणारा आहे.

शेजारची खुर्ची

1959 मध्ये या सोसायट्यांचे फेडरेशन झाले. राय अध्यक्ष होते, आणि सुरुवातीच्या काळातल्या उपाध्यक्षांत इंदिरा गांधींचेही नाव होते. फेडरेशनच्या सभासद संस्थांना परदेशी चित्रपट सेन्सॉरच्या कात्रीशिवाय दाखवण्याची सवलत मिळाली. या सवलतीमुळे सोसायट्यांत दोन प्रकारचे सभासद आले, हे कबूल केले पाहिजे. एक आयझेनस्टाइनसाठी येणारे, आणि दुसरे 'न कापलेले' काही दिसते का ते पाहायला येणारे. दुसऱ्या प्रकारातले बरेच जण अर्ध्या तासात जांभया देऊ लागत. पण काही जण शेवटपर्यंत बसत, आणि पुढच्या महिन्यात पहिल्या प्रकारात जमा होत. कोण कशासाठी आला याची चौकशी दारावर होत नसे, हे बरेच होते.

1964 मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले आणि महाराष्ट्राच्या दृष्टीने ही साखळी एकदम जवळ आली. पी. के. नायर हे तिथले कर्तेधर्ते. डबे जमवणे आणि जपणे हे त्यांचे सरकारी काम. पण कुठल्या गावच्या सोसायटीला कुठला चित्रपट पाठवावा हेही त्यांच्या मनात असे. संग्रहालयातून 16 मिलिमीटरच्या प्रती गावोगावच्या सोसायट्यांकडे जात. कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यातल्या हेग्गोडू या छोट्या गावी के. व्ही. सुब्बण्णांच्या 'नीनासम' संस्थेने सुपारीच्या बागांत राबणाऱ्या लोकांना 'बायसिकल थीव्ह्ज' आणि 'रशोमोन' दाखवले. नायर यांच्यावर शिवेंद्रसिंह डुंगरपूर यांनी 2012 मध्ये 'सेल्युलॉइड मॅन' हा माहितीपट केला. त्यात तिथले गावकरी कित्येक वर्षांपूर्वी पाहिलेल्या त्या चित्रपटांबद्दल बोलतात. सायकल चोरीला गेली म्हणजे माणसाची रोजी जाते, हे त्यांना इटलीचा इतिहास न शिकताही कळले होते.

मुंबईत 1968 पासून 'प्रभात चित्र मंडळा'ने हेच काम मराठी प्रेक्षकांत केले. सुधीर नांदगावकरांसारख्या माणसाने त्यात आयुष्य घातले. मंडळाच्या 'वास्तव रूपवाणी'ने चित्रपटाबद्दल मराठीत गंभीरपणे लिहिण्याची सवय लावली. ज्यांनी त्या काळातले सोसायट्यांचे खेळ पाहिले आहेत त्यांना ते वातावरण आठवेल. भाड्याने घेतलेले सभागृह, मागे खडखडणारा प्रोजेक्टर, रीळ बदलताना लागणारे दिवे, हातात सायक्लोस्टाइल केलेला कथासारांशाचा कागद. आणि खेळ संपल्यावर समोरच्या हॉटेलात अर्ध्या कपावर चालणारा वाद. तो कधी कधी चित्रपटापेक्षा लांबत असे.

या वादाला मी गौण मानत नाही. फर्नांदो सोलानास आणि ओक्ताव्हिओ हेतिनो या अर्जेंटिनाच्या दोघांनी 1968 मध्ये 'द अवर ऑफ द फर्नेसेस' हा चार तासांहून मोठा चित्रपट केला, तेव्हा त्यांनी हा वाद चित्रपटाच्या आतच आणला. लष्करी राजवटीत चोरून चित्रण केलेला हा चित्रपट देशात उघडपणे दाखवणे शक्य नव्हते. तो घरांत, कामगारांच्या बैठकांत गुपचूप दाखवला जाई. आणि मध्येच प्रोजेक्टर थांबवून जमलेल्यांनी आता आपसांत बोलावे, अशी सोय दिग्दर्शकांनी करून ठेवली होती. तिथे येणारा प्रत्येक जण कुणाच्या तरी सांगण्यावरून येत होता आणि येताना धोका पत्करत होता. 'अमुक दिवशी अमुक ठिकाणी ये' एवढे सांगण्यासाठीसुद्धा समोरच्यावर विश्वास असावा लागे.

एकच चित्रपट, दोन शिफारशी

मला 'द बॅटल ऑफ अल्जिअर्स'बद्दल पहिल्यांदा सांगितले ते बँकेत नोकरी करणाऱ्या एका वयस्क गृहस्थांनी. कथा त्यांनी सांगितली नाही. एवढेच म्हणाले, ''तीन बायका बाँब घेऊन निघतात तो प्रसंग येईल, तेव्हा पडद्याकडे बघ, पण थोडे लक्ष स्वतःकडेही ठेव.'' इतकी नेमकी शिफारस मी नंतर क्वचितच ऐकली.

जिल्लो पोंतेकोर्व्हो या इटालियन दिग्दर्शकाचा हा 1966 चा चित्रपट. अल्जीरियात फ्रेंच सत्तेविरुद्ध पेटलेला लढा, विशेषतः 1954 ते 1957 मधला अल्जिअर्स शहरातला संघर्ष, हा त्याचा विषय. चित्रण त्याच शहराच्या त्याच गल्ल्यांत झाले आणि पडद्यावरची माणसे बहुतांशी तिथलीच. फ्रेंच कर्नलचे काम करणारा जाँ मार्तँ हाच काय तो प्रमुख भूमिकेतला व्यावसायिक नट. लढ्याच्या नेत्यांपैकी एक असलेल्या सादी यासेफने चित्रपटाच्या निर्मितीत भाग घेतला आणि स्वतःच्याच आयुष्यावर बेतलेली भूमिकाही केली. चित्रपट इतका खरा वाटतो, की त्यात बातमीपटाचा एक तुकडाही वापरलेला नाही, हे मुद्दाम सांगावे लागले. व्हेनिसच्या महोत्सवात त्याला 'सुवर्णसिंह' मिळाला, आणि फ्रान्समध्ये मात्र तो काही वर्षे लागू शकला नाही.

आता तो प्रसंग. तीन अल्जीरियन स्त्रिया युरोपियन वेश करून, केस कापून, तपासणी नाक्यांवरून फ्रेंच वस्तीत शिरतात. त्यांच्या पिशव्यांत बाँब आहेत. आपण त्यांच्या बाजूने असतो. नाक्यावर त्या सापडू नयेत असे आपल्याला वाटते. मग कॅमेरा त्या उपाहारगृहातल्या माणसांच्या चेहऱ्यांवरून फिरतो. तिथे एक लहान मूल आइस्क्रीम खात असते. क्षणापूर्वी आपण ज्याची इच्छा धरली होती ते आता आपल्यासमोर घडणार असते. दिग्दर्शक आपल्याला सोडवत नाही. फ्रेंचांकडून होणारा छळ दाखवतानाही तो तितकाच स्वच्छ नजरेचा आहे. पण त्याची सहानुभूती कुणाकडे आहे याबद्दल संशय राहत नाही.

या चित्रपटाच्या शिफारशींचा इतिहास चित्रपटाइतकाच विलक्षण आहे. अमेरिकेत कृष्णवर्णीयांच्या 'ब्लॅक पँथर' संघटनेतल्या लोकांनी तो लढ्याचा पाठ म्हणून एकमेकांना दाखवला. आणि 2003 च्या ऑगस्टमध्ये, इराकमध्ये सैन्य घुसल्यानंतर काही महिन्यांनी, अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या मुख्यालयात, पेंटॅगॉनमध्ये, अधिकाऱ्यांसाठी त्याचा खास खेळ झाला. दहशतवादाविरुद्धची चकमक जिंकूनही विचारांची लढाई कशी हरली जाते, ते पाहा, अशा आशयाचे निमंत्रण होते. म्हणजे एकच चित्रपट बंडखोरांनी बंडखोरांना सांगितला आणि सैन्याने सैन्याला.

यावरून कुणी म्हणेल, की मग राजकीय चित्रपटाचा उपयोग काय? ज्याला जे हवे ते तो त्यातून घेतो. मला तसे वाटत नाही. शिफारशीबरोबर सांगणाऱ्याचा प्रश्नही येतो. 'कसे लढायचे ते बघ' म्हणून पाहिलेला चित्रपट आणि 'कसे चिरडायचे ते बघ' म्हणून पाहिलेला चित्रपट सारखा दिसत नाही. पण दोन्ही प्रेक्षकांना त्या आइस्क्रीम खाणाऱ्या मुलापुढे काही क्षण थांबावे लागतेच. त्या बँकेतल्या गृहस्थांनी मला त्या क्षणाकडेच बोट दाखवले होते. निष्कर्ष त्यांनी माझ्यावर सोडला.

कोऱ्या फिल्मची भेट

शिफारस किती लांबवर जाऊ शकते याचे माझ्या माहितीतले सर्वांत मोठे उदाहरण चिलीचे आहे. 1970 मध्ये तिथे साल्व्हादोर अयेंदे निवडणुकीने राष्ट्राध्यक्ष झाले. समाजवादी सरकार मतपेटीतून आले होते. पात्रिसिओ गुझमान या तरुणाने त्या सरकारच्या पहिल्या वर्षावर माहितीपट केला. फ्रान्सचे विख्यात दिग्दर्शक क्रिस मार्कर 1972 मध्ये चिलीत आले असता त्यांनी तो पाहिला. तो त्यांना इतका आवडला की ते तो बरोबर घेऊन गेले आणि फ्रान्समध्ये फ्रेंच भाषेत दाखवण्याची व्यवस्था केली. एका चित्रपटकाराने दुसऱ्याचे काम आपल्या देशातल्या लोकांना 'हे पाहा' म्हणून दाखवले. साखळीतला हा एक दुवा.

पुढे परिस्थिती बिघडत गेली. देशात टंचाई, संप, उठावाच्या वावड्या. हे सारे टिपून ठेवले पाहिजे असे गुझमानना वाटत होते, पण देशात कोरी फिल्म मिळेना. त्यांनी मार्करना पत्र लिहिले. मार्करनी 16 मिलिमीटरची फिल्म पाठवून दिली. त्या फिल्मवर जे चित्रित झाले तोच 'द बॅटल ऑफ चिली'.

11 सप्टेंबर 1973 रोजी लष्कराने सत्ता घेतली आणि अयेंदेंचा अंत झाला. गुझमानना पकडून राष्ट्रीय स्टेडियममध्ये डांबले गेले. चित्रित केलेली रिळे नातलगाच्या घरी लपवली गेली आणि नंतर स्वीडिश वकिलातीच्या मदतीने बोटीने देशाबाहेर निघाली. संकलन झाले क्युबात. 1975, 1976 आणि 1979 असे त्याचे तीन भाग आले. कॅमेरामन होर्हे म्युलर सिल्व्हा मात्र मायदेशीच राहिला होता. 1974 च्या नोव्हेंबरात त्याला गुप्त पोलिसांनी उचलले. तो परत आला नाही. चित्रपट त्याला अर्पण केलेला आहे.

जगभर हा चित्रपट गाजला, पण चिलीच्या लोकांना तो पाहायला मिळाला नाही. लोकशाही परतल्यावर गुझमान तो घेऊन स्वतः मायदेशी गेले आणि तरुण विद्यार्थ्यांच्या छोट्या छोट्या गटांना दाखवला. ते सारे त्यांच्या 1997 च्या 'चिली, ऑब्स्टिनेट मेमरी'मध्ये आहे. लष्करी राजवटीत वाढलेली ती मुले आधी तावातावाने वाद घालतात. चित्रपट संपल्यावर मात्र काही जणांच्या तोंडून शब्द फुटत नाही, ती नुसती रडतात. आपल्या आईवडिलांच्या आयुष्यात काय घडले हे त्यांना कुणी सांगितलेलेच नव्हते. चिलीच्या खुल्या दूरचित्रवाणीवर हा चित्रपट दाखवला गेला तो 2021 मध्ये, म्हणजे उठावाला जवळजवळ अर्धशतक होत आल्यावर.

आपल्या घरची गोष्ट

हे सारे परक्या देशांतच घडते, असे समजण्याचे कारण नाही. आनंद पटवर्धन यांनी बिहारमधल्या जयप्रकाशांच्या आंदोलनावर 'वेव्ह्ज ऑफ रेव्होल्यूशन' हा माहितीपट केला आणि तेवढ्यात, 1975 च्या जूनमध्ये, आणीबाणी आली. चित्रपट चोरून दाखवावा लागला. एका प्रतीचे तुकडे करून ते निरनिराळ्या लोकांबरोबर परदेशी पाठवले गेले आणि तिकडे पुन्हा जोडले गेले. अमृत नाहटांच्या 'किस्सा कुर्सी का'ला इतकेही नशीब लाभले नाही. त्याच्या प्रती आणि निगेटिव्ह आणीबाणीत जाळून टाकण्यात आले. संजय गांधी आणि विद्याचरण शुक्ल यांना त्या प्रकरणी 1979 मध्ये शिक्षा झाली आणि वरच्या न्यायालयात ती टिकली नाही. नाहटांना तो चित्रपट नव्याने करावा लागला. फिल्म सोसायट्यांच्या फेडरेशनचे एकेकाळी उपाध्यक्षपद भूषवलेल्या इंदिरा गांधीच तेव्हा पंतप्रधान होत्या.

त्याच सुमारास मराठीत जब्बार पटेल आणि विजय तेंडुलकर यांनी 1975 मध्ये 'सामना' दिला आणि नंतर अरुण साधूंच्या कादंबऱ्यांवरून 1979 मध्ये 'सिंहासन'. साखरपट्ट्यातल्या हिंदुरावाची गढी आणि दारुड्या मास्तर! मारुती कांबळे नावाच्या माणसाचे पुढे काय झाले, हा त्या मास्तरांचा प्रश्न चित्रपट न पाहिलेल्यांच्याही तोंडी गेला. हे चित्रपट थिएटरात लागले होते, हे खरे. तरी नव्या पिढीपर्यंत ते पोचतात ते बहुधा वडीलधाऱ्या कुणीतरी 'हा बघितला नाहीस? मग महाराष्ट्राचे राजकारण काय डोंबल कळणार तुला?' असे दटावल्यामुळेच.

केरळात जॉन अब्राहम यांनी तर सांगणाऱ्यांनाच निर्माते केले. 1984 मध्ये त्यांनी आणि मित्रांनी 'ओडेसा' नावाचा गट काढला. 'पोटेमकिन'मुळे जगाला परिचित झालेले हे नाव अशा प्रकारे मलबारच्या खेड्यांत पोचले. गटाचे लोक गावोगाव जात, चॅप्लिनचा 'द किड' दाखवत आणि पाहणाऱ्यांनी खुशीने दिलेले पैसे गोळा करत. त्या वर्गणीतून 1986 मध्ये 'अम्मा अरियान' तयार झाला. मरण पावलेल्या तरुणाची बातमी त्याच्या आईला सांगायला एक मित्र निघतो, वाटेत एकेक जण त्याला येऊन मिळतो आणि शेवटी आईच्या दारात मोठा घोळका उभा राहतो, अशी त्याची कथा. तो ज्या पद्धतीने उभा राहिला तीच पद्धत त्याच्या कथेत आहे.

आणि अगदी आपल्या दारातले उदाहरण घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरचे. 11 जुलै 1997 रोजी तिथे पोलिसांच्या गोळीबारात दहा जणांचा बळी गेला. त्यानंतर शाहीर विलास घोगरे यांनी जीवन संपवले. पटवर्धन यांनी 14 वर्षे खपून केलेला 'जय भीम कॉम्रेड' 2011 मध्ये पूर्ण झाला. मुंबईतल्या वस्त्यांत पडदा लावून तो दाखवला गेला, तेव्हा ज्यांच्याविषयी तो होता तीच माणसे समोर बसली होती आणि तीच पुढच्या वस्तीला त्याबद्दल सांगत होती.

न सांगितलेले चित्रपट

सांगणाऱ्यांचे एवढे गोडवे गायल्यावर त्यांचा एक दोषही सांगितला पाहिजे. आपण सांगतो ते आपल्यासारख्यांना, आणि आपल्याला जे सांगितले गेले तेच. आपल्या सोसायट्या बव्हंशी शहरी, शिकलेल्या, पांढरपेशा पुरुषांच्या होत्या. त्यांच्या याद्यांत स्त्री दिग्दर्शिका फारशा नसत. आफ्रिका असली तर ती बहुधा युरोपियन माणसाने दाखवलेली.

सारा माल्दोरोर यांचे उदाहरण पाहा. 'अल्जिअर्स'च्या चित्रणात त्या साहाय्यक होत्या. पुढे 1972 मध्ये त्यांनी 'सांबिझांगा' केला. पोर्तुगीज सत्तेखालच्या अंगोलात एका कामगाराला पोलीस पकडून नेतात आणि त्याची बायको, मारिया, पाठीवर मूल बांधून या तुरुंगातून त्या तुरुंगात त्याला शोधत चालत राहते. बाँब नाहीत, चकमकी नाहीत. एका बाईचे चालणे आणि तिला वाटेत भेटणाऱ्या माणसांनी हळूहळू एकमेकांना पोचवलेली बातमी, एवढ्यावर तो उभा आहे. 'अल्जिअर्स' पाहिलेल्या दहा रसिकांपैकी कितींनी 'सांबिझांगा' पाहिला असेल? चित्रपट कमअस्सल होता असे नाही. त्याची शिफारस करणारे कमी होते. 2021 मध्ये त्याची दुरुस्त केलेली नवी प्रत तयार झाली आणि त्यानंतर तो पुन्हा लोकांपुढे येऊ लागला. माल्दोरोर त्याआधीच, 2020 मध्ये, निवर्तल्या होत्या.

आता सगळेच मिळते, तरी

आजच्या तरुण वाचकाला हे सारे पुराणातल्या वानग्यांसारखे वाटेल. डबे, रिळे, चोरून खेळ! आता हातातल्या फोनवर 'पोटेमकिन' दिसतो. पुण्याचे संग्रहालयही 2022 पासून एनएफडीसीत विलीन झाले आहे. चित्रपट मिळवण्यासाठी फिल्म सोसायटीचे सभासद होण्याची गरज उरलेली नाही, आणि याबद्दल गळा काढण्यात अर्थ नाही. जे पूर्वी मूठभरांना मिळे ते आज खेड्यातल्या मुलीलाही मिळू शकते, ही आनंदाचीच गोष्ट आहे.

पण मिळणे आणि पाहिले जाणे यांत अंतर आहे. फोनही शिफारस करतो. तुम्ही काल जे पाहिलेत त्यासारखेच काहीतरी तो आज पुढे करतो. हाणामारी पाहिलीत तर आणखी हाणामारी. राजकीय चित्रपटाच्या बाबतीत नेमकी इथेच अडचण येते, कारण हे चित्रपट पाहावेत असे आपल्याला आपोआप वाटत नाही. चार तासांचा कृष्णधवल माहितीपट, अनोळखी देश, शेवट वाईट, हे ठाऊक असताना तो लावायला आपला हात धजत नाही. 'तुला कंटाळा येईल, पण पहिला अर्धा तास सोस' असे सांगणारे माणूस लागते. आणि पाहून झाल्यावर 'मला पटला नाही' म्हणून भांडायलाही तेच माणूस लागते. यंत्राशी भांडता येत नाही.

दुसरे असे, की आज राजकीय म्हणवणारे चित्रपट भरपूर निघतात आणि त्यांची शिफारसही जोरात होते. संदेश येतात, गट करून तिकिटे काढली जातात. त्यांतल्या प्रत्येकाची इथे झडती घेत नाही. वाचकाने स्वतःच एक कसोटी लावून पाहावी. चित्रपट सांगणाऱ्याने तुम्हाला पाहून झाल्यावर बोलायला बोलावले आहे का? की नुसतेच जाऊन पाहा आणि आमच्यासारखेच चिडा, असे सांगितले आहे? अर्जेंटिनातले ते दोघे मध्येच प्रोजेक्टर थांबवत असत, हे इथे आठवावे.

तेव्हा विनंती एवढीच, की ज्यांनी हे चित्रपट पाहिले आहेत त्यांनी गप्प बसू नये. याद्या पाठवू नयेत, शंभर नावांची यादी कुणी पाहत नाही. एका माणसाला एक चित्रपट सांगावा, त्या माणसाकडे पाहून सांगावा. युनियनमधल्या मित्राला 'पोटेमकिन'. वकिली शिकणाऱ्या भाच्याला 'झेड', म्हणजे ग्रीसमध्ये 1963 मध्ये झालेल्या एका पुढाऱ्याच्या खुनाचा तपास एक सरळमार्गी न्यायाधीश कसा चिकाटीने करतो आणि शेवटी कोण जिंकते ते तो पाहील. घरातल्या लेकीसुनांना आणि त्यांच्याबरोबर बसून घरातल्या पुरुषांनाही 'सांबिझांगा'. त्याची लांबी पावणेदोन तासांच्या आतली आहे, म्हणजे रविवारच्या जेवणानंतर चहापर्यंत सहज संपतो. फोन बाजूला ठेवावा, आणि चहा थोडा जास्त टाकावा. बोलणे लांबण्याचा संभव आहे.